दामाच्या मानेवर हात

आंदार्गे अध्यक्षानं निकाल वाचून दाखवला तेव्हा शिब्रे उभीच होती. बसायला जागा होती, पण हा निकाल बसून ऐकण्यातला नाही हे तिला आल्या आल्याच कळलं होतं.

"शिब्रेच्या वळूपासून गावाला धोका आहे," आंदार्गे म्हणाला. त्याचा डावा हात गळ्यात बांधलेला होता, उजव्या हातात कागद होता. "पुढच्या महिन्याच्या बाजाराच्या शनिवारी गुरांचं बघणारा लेम्मा मिझान शहराहून चिमटा घेऊन येईल. त्या दिवशी वळू खच्ची करायचा. मालकीण आडवी आली तर वळू कापायचा आणि मांस घरटी वाटायचं. पंचांचं एकमत आहे."

झाडाखाली चौदा पंच बसले होते. चौदाही जण खाली मातीकडे बघत होते.

"एकमत?" शिब्रे म्हणाली. "मामोकाका, तुमचंही?"

मामो पंचांत सगळ्यांत म्हातारा. त्यानं कॉफीच्या पानांच्या काढ्याचा वाडगा तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग म्हणाला, "अगं पोरी, एखाद दिवशी तो माणसं मारील."

"माणसं कुठली? एकच माणूस होता. आणि तोही मेला नाही, हात मोडला."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. आंदार्गेनं मान वळवून पाहिलं, तसं हसू जागच्या जागी विरलं.

हसण्यासारखं होतंच ते. आंदार्गेनं मिझानहून नवी छत्री आणली होती, काळी, लाकडी मुठीची, बटण दाबलं की उघडणारी. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, पण छत्री घरात ठेवून गावाला कशी दिसणार? शिब्रेच्या मक्याच्या बांधावरून जाताना त्यानं ती तिच्या वळूच्या, दामाच्या, तोंडापासून दोन हातांवर फट्‌कन उघडली. दामानं आधी माणूस उडवला, मग छत्री. माणूस मक्यात पडला. छत्री दामाच्या आखूड शिंगात अडकली, आणि तो ती डोक्यावर मिरवत चर्चपासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून चर्चपर्यंत धावला. पोरं मागे, कुत्री मागे, पाद्रीबाबा खिडकीत. तीन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. मोडलेलं हाड दीड महिन्यात जुळतं. ते तीन दिवस आंदार्गे जन्मात विसरणार नव्हता. आणि सरकारी खताच्या यादीत कुणाचं नाव घालायचं ते त्याच्याच हातात असल्यानं पंचांनाही ते विसरून चालण्यासारखं नव्हतं.

"मी आडवी येणार," शिब्रे म्हणाली. "कागदावर तेही लिहा." आणि ती निघून गेली.

घरी येऊन तिनं दामाला दाण्याची टोपली दिली. तांबडा, बुटका, रुंद छातीचा. डोळ्यांत कायमचा राग. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नसे, आणि तिलाही काही मायेनं येऊ देत होता असं नाही; टोपली तिच्या हातात असायची एवढंच. शिब्रेला त्याचा लळा होता असं गाव म्हणे. लळा वगैरे काही नव्हता. तिला तो हवा होता, मीठ हवं तसा.

सात वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, ताफेसेनं, दावणीची सगळी इथल्या शेको जातीची गुरं विकून वरच्या डोंगराळ मुलखातून दोन बैल आणले. काय बैल होते! उंच, पांढरे, मोठ्या वशिंडाचे. नांगराला जुंपले की शेजारचे लोक काम सोडून बघत बसायचे. पावसाळा संपायच्या आत दोघांचे केस उभे राहिले, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, कणा बाहेर आला. नदीकाठची रक्त पिणारी माशी चावून होणारा आजार. सुई दिली. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा दिली तेव्हा सुईही थकली. बैल उभे होते तिथे बसले आणि बसले तिथे मेले. ताफेसेनं पुढचा हंगाम कुदळीनं काढला आणि त्याच्या पुढच्या हंगामात तापानं गेला. डॉक्टर ताप म्हणाला. शिब्रेच्या मते तो लाजेनं गेला. विकलेल्या गुरांतली एक म्हातारी गाय घेणाऱ्यानं परत करून टाकली होती, फार मारकी म्हणून. तिच्या पोटात दामा होता.

कुदळ मारता मारता माणूस विचार करतो. शिब्रेनं सहा वर्षं केला. आमच्याकडे गोऱ्हा दोन वर्षांचा झाला की बघतात: मऊ असेल तर ठेवतात, तापट असेल तर ठेचून खच्ची करतात. बापजाद्यांपासूनची रीत, आणि शहाणपणाची वाटते. मारका वळू कुणाला हवा? पण जातिवंत शेको गोऱ्हा तापटच असतो. मऊ निघतो तो वरच्या मुलखातल्या रक्ताचा. म्हणजे माशीला पुरून उरणारा तेवढा आपण आपल्या हातानं बाद करायचा, माशीपुढे आडवा होणारा जपून ठेवायचा आणि गाई त्याच्याकडे न्यायच्या. मग दरवर्षी बैल मेले की कपाळावर हात मारायचा. हे तिनं मामोकाकाला एकदा सांगितलं होतं. त्यानं मान हलवली होती आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा तापट गोऱ्हा ठेचला होता. आता तीन गावांत न ठेचलेला शेको वळू एकच उरला होता.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती नदीवर गेली. तिथे योदित होती, मिझानच्या माशी-नियंत्रण केंद्रातली पोरगी, सव्वीस-सत्तावीसची. महिन्यातले दहा दिवस ती इथे निळ्या-काळ्या कापडाचे सापळे लावत हिंडायची. माशीला निळ्याचं वेड; कापडाकडे झेपावते, काळ्यावर बसते, वर उजेडाकडे चढते ती जाळीत. खाली बाटलीत शिळं गोमूत्र ठेवायचं, त्या वासानं लांबून येते. गेल्या वर्षी एका सापळ्याचं कापड नाहीसं झालं आणि पुढच्या रविवारी प्रार्थनेला दोन भाऊ नव्या निळ्या चड्ड्या घालून आले. नदीवरून घरी जाईपर्यंत त्यांच्या बुडाची चाळण झाली होती. त्यांच्या आईला विचारायची गरजच पडली नाही.

योदित दगडावर बसून सुईनं माश्या चिरत होती. शिब्रे शेजारी टेकली.

"काय शोधतेस त्यांच्या पोटात?"

"ही बघा मावशी, गाभण आहे. हा पांढरा ठिपका दिसला? अळी आहे. एकच."

"एकच? माशीला?"

"बाकीच्या माश्या अंडी घालतात शेकड्यांनी. ही घालत नाही. एक अळी पोटात वाढवते, आतल्या आत दूध पाजते, नऊ-दहा दिवसांनी सावलीत जमिनीवर ठेवते. अळी लगेच मातीत शिरते, महिन्यानं माशी होऊन बाहेर येते. आयुष्यभरात आठ-दहा पोरं. बस."

"माझ्या सासूला अकरा होती," शिब्रे म्हणाली.

योदित हसली. "म्हणूनच तर हिला हरवता येतं. रोज शंभरातल्या चार-पाच माद्या मेल्या तरी पुढच्या पोरांनी तोटा भरून निघत नाही. फक्त रोज मरायला हव्यात. आज सापळा, उद्या चड्डी, असं करून नाही चालत."

"आणि जंगलातून नव्या येतात त्यांचं?"

"येतात. म्हणून मी म्हातारी होईपर्यंत इथेच आहे."

शिब्रेला पोरगी आवडली. तिनं सरळ विचारलं, "दामाचं रक्त तपासशील? सगळ्यांसमोर? त्याच्या अंगात आजार नाही हे एकदा त्यांनी डोळ्यांनी बघू दे. असा एकच वळू आहे म्हटल्यावर चिमटा लावायला त्यांचा हात धजणार नाही."

योदितनं सुई खाली ठेवली. "आणि निघाला तर?"

"सहा वर्षांत त्याला एक सुई लागलेली नाही. कसला निघतोय?"

"मावशी, मी जे दिसेल ते सांगेन हं. तुमच्या बाजूनं नाही सांगणार."

"सांग की. मी कुठे खोटं सांग म्हणतेय?"

गुरुवारी झाडाखाली सगळे जमले. योदितनं सूक्ष्मदर्शक टेबलावर मांडला, छोटं जनित्र सुरू केलं. दामाला झाडाला दोन दोरांनी बांधला होता. कानाची शीर टोचताना त्यानं एक लाथ झाडली आणि पंचांची पहिली रांग दुसऱ्या रांगेच्या मांडीवर जाऊन बसली. तुलनेसाठी आंदार्गेचा राखी बैल आणला होता. तो आणावा लागला म्हणजे चौघांनी ढकलत आणला. काडीएवढ्या दोन काचनळ्यांत रक्त घेऊन योदितनं ते यंत्रात गरगर फिरवलं. मग डोळा लावून बसली. बराच वेळ बसली. शिब्रे तिच्या पाठीकडे बघत होती, आणि ती पाठ एकदम ताठ झाली.

"राखी बैलात आहेत किडे," योदित म्हणाली. "आणि वळूतही आहेत."

आंदार्गे उठून आला. एका हातानं टेबल धरून त्यानं डोळा लावला. आत ते वळवळत होते, रक्ताच्या कणांना धक्के देत. त्यानं मान वर केली तेव्हा चेहरा उजळला होता.

"बघा! या, सगळे बघा! आपले बैल मरतायत आणि हा सहा वर्षं आजार अंगात घेऊन गावभर फिरतोय. हेच कोठार आहे आजाराचं! माशी याला चावते आणि आपल्या बैलांना चावते. खरं की नाही, बाई?"

"खरं आहे," योदित म्हणाली. तिनं शिब्रेकडे पाहिलं नाही. "पण जंगलातल्या रानडुकरांत आणि हरणांतही हेच किडे असतात."

शिब्रेचे कान तापले. स्वतःच्या पायानं चालत येऊन तिनं दामाला टेबलावर ठेवला होता. क्षणभर तिला योदितचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग तिची नजर योदितच्या बोटांतल्या दोन नळ्यांवर गेली. एका नळीत लाल रंग तळाशी जेमतेम होता, वर सगळं पिवळट पाणी. दुसरीत लाल रंग त्याच्या दुप्पट.

"ही कुणाची?" तिनं लाल नळीकडे बोट दाखवलं.

"दामाची."

शिब्रेनं दोन्ही नळ्या घेतल्या आणि पंचांच्या रांगेसमोरून एकेकाच्या नाकाजवळ धरत चालत गेली. "बघा. नीट बघा, मामोकाका, डोळे पुसा. किडा दोघांत आहे. मग एकाचं रक्त एवढं आणि दुसऱ्याचं एवढंसं कसं? एक लाथा झाडतोय आणि एकाला ढकलत आणावा लागतो, ते कसं? त्याच्या अंगात किडा आहे आणि तो किड्याला जुमानत नाही! मला वाटत होतं त्याला आजार होतच नाही. मी चुकले. त्याला होतो आणि तो उभा राहतो. हे तर त्याहून मोठं आहे."

"आजाराचं कोठार ते कोठारच," आंदार्गे म्हणाला.

"मग खच्ची करून किडे मरतात का?"

आंदार्गे म्हणाला, "नाही मरत. मग कापूच या ना त्याला."

"कापा. आणि मग कागद घेऊन जंगलात जा, रानडुकरांना निकाल वाचून दाखवा. छत्री न्या बरोबर."

या वेळी हसू एकाचं नव्हतं. आंदार्गेचा अगदी तिळपापड झाला. मामोनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि पुटपुटला की पहिला निकाल तोच निकाल. बाजाराच्या शनिवारी चिमटा, आणि मालकीण आडवी आली तरच सुरी. बाकीच्यांनी माना डोलावल्या. नळ्या मात्र हातोहात फिरत राहिल्या. शिब्रे दामाला सोडवून घेऊन गेली तरी फिरत होत्या.

तिला वाटलं, संपलं सगळं. शुक्रवारी तिनं अळकुड्या उकडल्या आणि खाल्ल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, गाव नुकतं जागं होत असताना तिच्या घरामागच्या कॉफीच्या झाडांतून एक गाय आली, आणि गाईच्या मागे दोर धरून अस्कालेच. आंदार्गेची बायको.

शिब्रेनं कुदळ हातात घेतली. "काय काम आहे?"

"गाय माजावर आहे," अस्कालेच म्हणाली. तिच्या पदराला झाडांची ओली पानं चिकटली होती. "रात्रभर ओरडतेय."

"तुझ्या नवऱ्याकडे मऊ वळू आहे की. त्याच्याकडे ने."

"त्याच्याकडून झालेली तीन वासरं मी पुरली. राखी चौथा." ती थांबली. "काल रात्री त्यांना विचारलं, त्या दोन नळ्यांत काय फरक होता. म्हणाले, बायकांना त्यातलं कळत नाही. म्हणून आले."

शिब्रेच्या ओठांवर 'चालती हो' हे शब्द आले होते. आंदार्गेच्या गोठ्यात दामाचं रक्त? त्याच्या दारात धडधाकट बैल उभा राहणार, आणि त्याचा बाप चिमट्याखाली जाणार? तिला इतका संताप आला की कुदळीचा दांडा तळव्याला टोचला. मग तिनं गाईकडे पाहिलं. अंगानं चांगली होती, अर्धी शेको होती. गाईनं काय केलं होतं?

"काही नको मला," शिब्रे म्हणाली. "मध नको, कोंबडी नको. दामाच्या मानेवर हात ठेव आणि शपथ घे. गोऱ्हा झाला तर ठेचायचा नाही. कितीही मारका निघू दे, त्याच्यापासून दोन हंगाम गाई फळू द्यायच्या, मग पुढचं. आणि शपथ घेणाऱ्यानं याच्यावर हात उचलायचा नाही, दोर धरायचा नाही."

तिला वाटलं होतं, बाई माघारी फिरेल. अस्कालेचनं गाईचा दोर झाडाला बांधला, चालत गेली आणि दामाच्या मानेवर हात ठेवला. दामानं नाकातून जोरात हवा सोडली. तिनं हात काढला नाही. तिनं शपथ शब्दन्‌शब्द म्हटली.

मग सोमवारी दुपारी मामो आला. नदीला जाणाऱ्या वाटेनं आला आणि चुकून इकडे वळल्यासारखं दाखवत होता, पण हातात गाईचा दोर होता.

"सहज चाललो होतो," तो म्हणाला.

"गाय घेऊन?"

"तीही सहज चालली होती."

मामोला मानेपर्यंत पोचायला अर्धा तास लागला. दोन पावलं पुढे, तीन मागे. "माझे हात म्हातारे आहेत गं, लांबून चालेल का?" "नाही चालणार." "शेपटीला लावला तर?" "लावून बघा." शेवटी त्यानं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि हात टेकवला, आणि शपथ इतक्या घाईनं म्हटली की शिब्रेनं ती पुन्हा म्हणायला लावली.

एकवीस दिवसांत प्रत्येक गाय एकदा माजावर येतेच. चौथ्या दिवशी एक, सहाव्या दिवशी दोन, मग रोजच कोणीतरी. कुणी कॉफीच्या झाडांतून, कुणी उसाच्या आडून. येणारा प्रत्येक पंच आधी सांगे की अध्यक्षाला कळू देऊ नकोस, आणि सभेत मी जे म्हणालो ते मनापासून नव्हतं. शिब्रे म्हणे, "मनापासून काय ते त्याच्या मानेवर हात ठेवून सांगा." एकजण घाबरून पळाला, गाय इथेच सोडून, संध्याकाळी बायकोनं त्याला हाताला धरून परत आणला. एकमेकांना कुणी काही बोललं नाही. अळीमिळी गुपचिळी. शिब्रे कुणाला हसली नाही. तिच्या मनात राग होता आणि त्या रागाला आता काम मिळालं होतं. एकटीनं वळू वाचत नाही हे तिला कळत होतं, आणि वाचला नाही तरी तेरा गाईंच्या पोटात तो उरणार होता. पण तेवढ्यावर समाधान मानायची तिची तयारी नव्हती. तिला तो सबंध हवा होता.

बाजाराचा शनिवार आला. झाडाखाली पंच, बाजूला बायका, पोरं फांद्यांवर. शिब्रे दामाला स्वतः घेऊन आली. लपवला असता तर घरात शिरून नेला असता. त्यापेक्षा उघड्यावर बरं. योदितही येऊन उभी राहिली होती. लेम्मानं पिशवीतून चिमटा काढला. लांब दांड्यांचा, लोखंडी, तेल लावलेला.

"वळू पाडायला चार माणसं लागतील," लेम्मा म्हणाला. "दोन दोराला, दोन पायांना."

"चौघं पुढे या," आंदार्गे म्हणाला.

कुणी हललं नाही.

"मामो."

"माझी कंबर," मामो म्हणाला.

"शिफेराव."

"माझ्या पायाला काटा लागलाय, अध्यक्षसाहेब."

"देमिसे!"

देमिसेला काहीच सुचलं नाही, म्हणून तो नुसताच खोकला. आंदार्गे एकेकाचं नाव घेत गेला आणि गावात एवढी दुखणी आहेत हे त्या दिवशी सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं. अकराव्या नावापाशी मामो उठून उभा राहिला.

"पुरे आता. लाज वाटते. आंदार्गे, मी याला हात लावू शकत नाही. मी शपथ घेतलीय."

"कसली शपथ?"

"त्याच्या मानेवर हात ठेवून घेतलीय. माझी गाय त्याच्याकडून फळवलीय."

"माझीही," शिफेराव म्हणाला. मग देमिसे म्हणाला, मग त्याच्या मागचा. कुणी मोठ्यानं म्हणेना, पण म्हणत गेले. दोन नावं सोडली तर सगळी रांग झाली.

आंदार्गेचा चेहरा पडला आणि मग लाल झाला. "म्हणजे माझ्या पाठीमागे! सगळे! खताला याल तेव्हा बघतो एकेकाला." तो लेम्माकडे वळला. "मी धरतो. एका हातानं धरतो. आण तो दोर."

शिब्रेनं दोर त्याच्या पायाशी टाकला. "घ्या," ती म्हणाली. "मी आडवी येत नाही. कागदावर लिहा, आडवी आली नाही."

दोर मातीत पडला होता. त्याच्या दुसऱ्या टोकाला दामा उभा होता, खूर उकरत, मान खाली. मध्ये दहा पावलांचं अंतर होतं. आंदार्गे वाकला, दोराला बोटं लावली. दामानं डोकं वर केलं. आंदार्गेनं बोटं काढून घेतली, आणि हे सगळ्यांनी पाहिलं.

"निदान अध्यक्षाच्या घरानं तरी शब्द पाळलाय," तो सरळ होत म्हणाला. "माझ्या गोठ्यात हे पाप शिरलेलं नाही. तुमची वासरं उद्या माणसं मारतील तेव्हा माझ्या दारात येऊ नका."

बायकांच्या घोळक्यातून अस्कालेच बाहेर आली. ती नवऱ्यासमोर उभी राहिली नाही. ती दामाच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला.

"सगळ्यांत आधी आपली गाय आली," ती म्हणाली. "मी आणली. आज एकविसावा दिवस आहे. पहाटेपासून मी गोठ्यात बसून तिच्याकडे बघतेय. ती ओरडली नाही. तिला गाभ राहिलाय."

फांद्यांवरची पोरं वाकून बघायला लागली. शिब्रेला आंदार्गेची कीव येईल असं वाटलं होतं, आली नाही. तिला फक्त अस्कालेचचा हात दिसत होता. तो दामाच्या मानेवर तसाच टेकलेला होता.

"गोऱ्हा झाला तर मारका होईल," आंदार्गे शेवटी बायकोला म्हणाला, हळू, जणू आजूबाजूला कुणी नव्हतंच.

"होऊ दे," अस्कालेच म्हणाली. "मी मऊ फार पुरलेत."

लेम्मानं चिमटा फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला.